सरकारी खिडकी दुकानात न्यायची, तर जबाबदारी कुठे ठेवायची?

२०२५ मध्ये राज्य सरकारने दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या, खासगी चालकांच्या ‘आपले सरकार सेवा केंद्रा’तले सेवाशुल्क २० रुपयांवरून ५० रुपये केले आणि केंद्रांची संख्या वाढवायचे ठरवले. त्यावरची चर्चा दोनच वाक्यांत अडकून पडली. एक बाजू म्हणाली, सरकार स्वतःचे काम दुकानदारांना विकते आहे. दुसरी म्हणाली, तहसीलच्या रांगेपेक्षा कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान शंभर पटीने बरे. दोन्ही बाजू जागेवरून भांडत होत्या. माझ्या मते खिडकी कोणाच्या छपराखाली आहे, हे नंतर पाहायचे. आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. खिडकीमागच्या माणसाला पैसे नेमके कशाचे मिळतात? आणि काम चुकले तर जाब कोणाला विचारायचा? या दोन कसोट्या लावल्या तर काही कामांना दुकान उत्तम ठरते आणि काही कामांना घातक. पण दुकान हे नागरिकापुढचे एकमेव दार असणे कोणत्याही कामासाठी चूक आहे.

दुकानाच्या बाजूने जे बोलले जाते, त्यातले बरेचसे खरे आहे. तालुक्याला जायचे म्हणजे शेतमजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे. तिथे पोचल्यावर साहेब मीटिंगला गेलेले असतात, नाहीतर सर्व्हर बंद असतो. दुकान सकाळी लवकर उघडते, रात्री आठपर्यंत चालू असते आणि रविवारीही अर्ज घेते. दुकानदार गावातलाच असतो, त्यामुळे बोलायची भीती वाटत नाही. ज्यांना मोबाइलवर अर्ज भरता येत नाही अशा लाखोंना कोणीतरी भरून देणारा लागतोच. शिवाय सरकारी खिडकी म्हणजे सचोटीची खिडकी असे मानायलाही जागा नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांच्या यादीत महसूल आणि पोलीस ही दोन खाती वर्षानुवर्षे सर्वांत वर असतात. तेव्हा ‘सगळे परत तहसीलमध्ये न्या’ ही मागणी करणाऱ्यांनी त्या रांगेत उभे राहणाऱ्यांचा विचार केलेला नाही.

दुकानातून सार्वजनिक सेवा नीट चालू शकते, याचा पुरावाही आपल्याकडे आहे. एसटीडी-पीसीओ आठवा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पिवळ्या पाट्यांचे हे फोनबूथ किराणा दुकानांत, मेडिकलमध्ये, स्टँडच्या कोपऱ्यात उघडले. फोनचे जाळे सरकारी, बूथ खासगी आणि उत्पन्न कमिशनवर. तरी लोकांचा विश्वास बसला, कारण मीटर ग्राहकाच्या डोळ्यांसमोर असे, बोलणे संपले की बिल छापून हातात येई आणि फोन लागला की नाही हे त्याच क्षणी कळे. बूथवाल्याच्या मर्जीवर काहीच अवलंबून नव्हते. एक जास्त पैसे मागू लागला, तर चार दुकाने सोडून दुसरा होता. आज वीजबिल भरणे किंवा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढून देणे ही याच जातीची कामे आहेत. सातबाऱ्याचे सरकारी शुल्क १५ रुपये. छापील कागद लगेच हाती येतो आणि तो खरा आहे का, हे त्यावरच्या क्रमांकावरून कोणीही तपासू शकतो. अशी कामे जरूर दुकानात जाऊ द्यावीत.

उत्पन्नाचा दाखला किंवा आरक्षणासाठी लागणारे नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्र या जातीचे नाही. तिथे दुकानात काम संपत नाही, सुरू होते. केंद्रचालक रेशनकार्ड, आधार, तलाठ्याचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र स्कॅन करतो. फोटो ५ ते २० केबीत बसवायचा, कागदपत्रे ठरलेल्या मापात दाबायची. त्या दाबण्यात तलाठ्याचा शिक्का पुसट झाला तर कारकुनाला तो वाचता येत नाही. मग अर्ज तहसीलमधल्या टेबलांवरून फिरतो आणि शेवटी अधिकाऱ्याची डिजिटल सही होते. यात कुठेही खोट निघाली की अर्ज ‘सेंड बॅक’ येतो. या त्रुटी ठरावीक असतात. रेशनकार्डावर ‘सखूबाई’ आणि आधारवर ‘सखुबाई’. एक वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला काढला, पण नॉन-क्रिमी लेअरसाठी तीन वर्षांचा हवा होता. राज्याच्या नमुन्यातले प्रमाणपत्र काढले, पण मुलीला केंद्राच्या नमुन्यातले लागणार होते. कोणता दाखला कोणत्या कामाला लागतो, हे सांगणे हाच या सेवेचा गाभा आहे. हे सांगणाऱ्याला प्रत्येक अर्जामागे पैसे मिळत असतील, तर चुकीचा अर्ज आणि बरोबर अर्ज त्याच्या गल्ल्यात सारखेच पडतात. चुकीनंतरचा दुसरा अर्ज तर आणखी एकदा.

आता दुसरी कसोटी, जाब. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा चांगला कायदा आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. ती चुकली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, आणि शेवटी आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण या कायद्यात जबाबदार आहे तो पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेला सरकारी अधिकारी. केंद्रचालक त्या साखळीत येतच नाही. कागदपत्रे सोमवारी घेतली आणि अर्ज ऑनलाइन शुक्रवारी भरला, तर कायद्याचे घड्याळ शुक्रवारी सुरू होते, आणि नागरिक मात्र सोमवारपासून दिवस मोजत बसतो. अर्ज सेंड बॅक आला की तो अपूर्ण ठरतो, मुदत थांबते आणि अधिकारी मोकळा होतो. बऱ्याच केंद्रांत अर्जात अर्जदाराऐवजी चालकाचाच मोबाइल नंबर टाकला जातो. त्याला ओटीपी पटकन मिळतो, काम झटपट होते. पण त्रुटीचा निरोपही त्याच्याच फोनवर येतो, आणि जूनच्या गर्दीत तो वाचायला त्याला उसंत नसते. कॉलेज प्रवेशाच्या कॅप फेरीची तारीख उलटून गेल्यावर पालक विचारतात तेव्हा दुकानदार म्हणतो ‘तहसीलमध्ये अडकलंय’ आणि तहसील म्हणते ‘केंद्रावर विचारा’. पूर्वी एकच माणूस उद्धटपणे वागत होता, पण तो कोण आहे ते माहीत होते. आता दोघे विनम्र आहेत, आणि जबाबदार कोणीच नाही.

शुल्कवाढीला माझा विरोध नाही. २० रुपये सेवाशुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प मिळून नागरिकाकडून ३३ रुपये ६० पैसे घेतले जात. त्या २० रुपयांतही पोर्टल चालवणारी कंपनी आणि केंद्रांवर देखरेख करणारी जिल्हा सेतू सोसायटी यांचे वाटे होते. उरलेल्या पैशात वीज, इंटरनेट, कागद, भाडे भागवून पंधरा-वीस मिनिटांचे काम करायचे, हे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून ठिकठिकाणी त्याच दाखल्याचे दोनशे-तीनशे घेतले जाऊ लागले आणि दरफलक कपाटामागे गेला. आता अधिकृत रक्कम ६९ रुपये झाली, ती खर्चाला धरून आहे. पण पैसे मिळण्याची रीत तीच राहिली: जितके अर्ज, तितके पैसे. या रीतीने काय होते, हे आपण पीक विम्यात पाहिले आहे.

खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. शेतकऱ्याने एक रुपया द्यायचा, बाकीचा हप्ता सरकारने भरायचा, आणि अर्ज भरणाऱ्या सामूहिक सेवा केंद्राला विमा कंपनीने अर्जामागे ४० रुपये द्यायचे. हेतू चांगला होता: शेतकऱ्याला केंद्रावर फुकट मदत मिळावी. प्रत्यक्षात देवस्थानच्या जमिनींवर, सरकारी जमिनींवर, अकृषक जमिनींवर, दुसऱ्याच्या गटावर अर्ज भरले गेले. बोगस अर्ज लाखांत सापडले, केंद्रांवर कारवाया झाल्या आणि २०२५ मध्ये एक रुपयाची योजनाच बंद झाली. काही चालक लबाड होते एवढ्यावर हा विषय संपवता येणार नाही. अर्ज खरा आहे की खोटा, हे तपासण्याचे चालकाला काहीच मिळत नव्हते. मिळत होते ते अर्ज भरण्याचे. प्रामाणिक चालकाने कागदपत्रे पाहून अर्ज नाकारला, तर त्याचे ४० रुपये बुडत आणि तोच अर्ज शेजारच्या केंद्रात भरला जाई. ज्या रचनेत प्रामाणिक माणूस रोज तोट्यात जातो, ती रचना पाच-दहा परवाने रद्द करून सुधारत नाही. आणि शिक्षा कोणाला झाली? एक रुपयाच्या विम्याचा आधार गेला तो खऱ्या शेतकऱ्याचा.

सरकारला हे आधीही कळले होते. आधारची नोंदणी सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर खासगी एजन्सींकडे होती. दुकानांत, भाड्याच्या गाळ्यांत मशीन लावून बोटांचे ठसे घेतले जात. जादा पैसे घेणे, नाव-पत्ते चुकीचे भरणे, दुसऱ्याच्या ठशांवर लॉगिन करणे अशा तक्रारींचा ढीग झाला. सुमारे ४९,००० नोंदणीचालक काळ्या यादीत गेले. शेवटी २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने ही केंद्रे सप्टेंबरअखेर सरकारी आवारात हलवण्याचे आदेश दिले, आणि बँका व टपाल कार्यालयांतही आधारची खिडकी सुरू झाली. म्हणजे एकदा दुकानात नेलेली खिडकी देशाने परत आणली आहे. पुढे २०२० मध्ये बँक मित्र म्हणून, म्हणजे बँकेच्या वतीने गावात व्यवहार करून देण्याचे, काम करणाऱ्या सेवा केंद्रांना पुन्हा थोडे काम मिळाले, पण फक्त नाव-पत्त्यासारख्या मजकुराच्या दुरुस्तीचे. धोका कुठे आहे ते ओळखून कामाची फोड केली गेली. दाखल्यांच्या बाबतीत ही फोड करायला काय हरकत आहे?

परदेशातल्या दोन उदाहरणांचा आपल्याकडच्या चर्चेत फारसा उल्लेख होत नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याने २०१३ मध्ये ‘स्टेपल्स’ या स्टेशनरीच्या साखळीच्या ८२ दुकानांत टपालखिडक्या उघडल्या आणि तिथे टपाल कर्मचाऱ्यांऐवजी दुकानाचे कमी पगाराचे नोकर बसवले. टपाल कामगार संघटनेने बहिष्कार पुकारला, शिक्षकांच्या संघटनाही त्यात उतरल्या, आणि २०१७ च्या सुरुवातीला करार गुंडाळावा लागला. ब्रिटनची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. तिथे पोस्ट ऑफिसच्या स्वतःच्या मोठ्या शाखा टप्प्याटप्प्याने ‘डब्ल्यूएच स्मिथ’ या पुस्तक-स्टेशनरीच्या दुकानांत हलवल्या गेल्या. २०१८ मध्ये एकदम ७४ शाखांची घोषणा झाली. युक्तिवाद आपल्यासारखाच होता: गर्दीची जागा, जास्त वेळ उघडे, कमी खर्च. २०२५ मध्ये त्या कंपनीने गावाबाजारातली सगळी दुकाने एका गुंतवणूक संस्थेला विकून टाकली आणि पाट्या बदलल्या. पोस्टाची इमारत केव्हाच सोडलेली, कर्मचारी केव्हाच पांगलेले. दुकान चालवायचे की बंद करायचे हे आता ज्यांच्या हाती आहे, त्यांना पेन्शन घ्यायला येणाऱ्या आजीशी काही देणेघेणे नाही. दुकानदाराने धंदा बदलणे यात गैर काही नाही, तो त्याचा हक्कच आहे. पण म्हणूनच नागरिकाचा हक्क त्याच्या भाडेकराराला बांधून ठेवता येत नाही.

ब्रिटनचाच दुसरा धडा दुकानदाराच्या बाजूचा आहे, आणि तो आपल्या केंद्रचालकांनी नीट वाचावा. तिथल्या उपडाकघरांचे चालक बहुतेक स्वतंत्र दुकानदार. करारानुसार हिशेबात तूट आली की ती त्यांनी भरायची. १९९९ पासून ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली आली. तिच्या दोषामुळे नसलेली तूट दिसू लागली, आणि पोस्ट ऑफिसने यंत्रावर विश्वास ठेवून माणसांवर खटले भरले. ९०० हून अधिक जण दोषी ठरवले गेले, कित्येक तुरुंगात गेले. त्यांच्या शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ साली संसदेला कायदा करावा लागला. खिडकी दुकानात जाते तेव्हा नफा वर आणि जोखीम खाली सरकते, हे त्यातून दिसते. आपल्याकडेही ग्रामपंचायतींतल्या संगणक परिचालकांनी मानधन वेळेवर मिळावे म्हणून किती आंदोलने केली, हे आझाद मैदानाला ठाऊक आहे. पैसा ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून जाई, मध्ये कंपनी असे, आणि परिचालकाच्या हाती त्यातला एक भाग, तोही महिने उलटल्यावर पडे.

‘मग सरकारी माणूस प्रत्येक गावात बसवणार का? पैसा कुठून आणणार?’ हा रास्त प्रश्न आहे. त्याची दोन उत्तरे याच देशात तयार आहेत. पहिले पासपोर्टचे. पासपोर्ट सेवा केंद्रात ‘अ’ खिडकीवर टीसीएस या खासगी कंपनीचा कर्मचारी बसतो: फोटो, ठसे, स्कॅनिंग. ‘ब’ आणि ‘क’ खिडकीवर, जिथे कागद पडताळायचे आणि निर्णय घ्यायचा, तिथे सरकारी अधिकारी असतो. तिन्ही खिडक्या एका छताखाली असल्याने कागद कमी असेल तर तो अधिकारी अर्जदाराला समोरासमोर सांगतो. दुसरे उत्तर छत्तीसगडच्या रेशनचे. तिथे २००४ मध्ये रास्त भाव दुकाने खासगी परवानाधारकांकडून काढून ग्रामपंचायती, महिला बचत गट आणि सहकारी संस्थांकडे दिली गेली, आणि दुकान चालवणे परवडेल इतके कमिशनही वाढवले गेले. पुढे धान्याची वाहतूक, संगणकीकृत नोंदी, स्वस्त तांदूळ यांचीही जोड मिळाली. २००४-०५ मध्ये तिथे निम्मे धान्य वाटेत गळत होते. २००९-१० पर्यंत ही गळती दहा टक्क्यांच्या आसपास आली. श्रेय एकट्या मालकी बदलण्याचे नाही, हे मान्य. पण दुकान गावातच राहिले, वेळ लोकांच्या सोयीची राहिली, फक्त चालवणारा ग्रामसभेपुढे उभा राहणारा झाला. बचत गटांचे एवढे मोठे जाळे असलेल्या महाराष्ट्राला हे जमू नये?

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा होता: एवढे दाखले लागतातच कशाला? जुलै २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी सेतू केंद्रांबाहेर झुंबड उडाली, दलालांचे दर वाढले. सरकारने काही दिवसांतच नियम बदलले: पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, अधिवासाऐवजी १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल. त्या दाखल्यांपुरती रांग ओसरली. एकही नवे केंद्र न उघडता. याला आक्षेप असा की सवलतीमुळे अपात्र नावेही शिरली, आणि ते खरेच घडले. पण सरकारी नोकरीतल्या महिलांची नावे पुढे सापडली ती सरकारी नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यावर. उत्पन्नाचा दाखला तरी शेवटी कशावर उभा असतो? अर्जदाराच्या स्वयंघोषणेवर आणि तलाठ्याच्या अहवालावर. जी माहिती सरकारकडे आधीच आहे, तिचा कागद नागरिकाने विकत आणून पुन्हा सरकारलाच द्यायचा, आणि त्या फेरीला आपण सेवा म्हणायचे!

तेव्हा केंद्रे वाढवण्याआधी करायच्या गोष्टी अवघड नाहीत, बहुतेक तर पोर्टलमध्ये बदल करून होतील. एकच मोबाइल नंबर पाचपेक्षा जास्त अर्जांत आला तर प्रणालीने तो नाकारावा. कागदपत्रे हाती घेतल्याक्षणी तारखेची पोच निघावी आणि लोकसेवा हक्काचे दिवस तिथून मोजले जावेत, ऑनलाइन भरल्यापासून नव्हे. अर्ज परत पाठवताना कारकुनाने चूक कोणाची, अर्जदाराची की केंद्राची, याची नोंद करावी. केंद्राची असेल तर शुल्क परत आणि दुसरा अर्ज फुकट. केंद्राला ठरावीक मासिक मानधन द्यावे आणि अर्जामागचा वाटा लहान ठेवावा, म्हणजे ‘हा दाखला तुम्हाला लागतच नाही’ असे सांगणारा चालक उपाशी राहणार नाही. लोकांच्या आधार-पासबुकाच्या स्कॅन प्रती दुकानाच्या संगणकात ‘डाउनलोड्स’मध्ये वर्षानुवर्षे पडून असतात, स्कॅन थेट पोर्टलवर जावे, संगणकात प्रत राहू नये. केंद्र बंद करायचे तर तीन महिने आधी सूचना आणि प्रलंबित अर्जांचे हस्तांतर, ही अट परवान्यातच असावी. आणि प्रत्येक तहसील कार्यालयात पगारी कर्मचाऱ्याची एक खिडकी कायम उघडी राहावी. तिथे सगळे अर्ज त्याच दरात घेतले जावेत आणि दुकानात बिघडलेला अर्ज दुरुस्त करून मिळावा.

ही शेवटची अट खर्चिक आहे, म्हणून सर्वांत आधी तीच कापली जाईल. पहिल्या वर्षी गर्दी नाही म्हणून खिडकी आठवड्यातून दोनच दिवस उघडेल, मग कर्मचारी निवडणुकीच्या कामाला जाईल, मग जागा रेकॉर्डसाठी वापरली जाईल. लोकांनी आणि लोकप्रतिनिधींनी शुल्क वीस की पन्नास यावर जेवढा आवाज केला, तेवढा या खिडकीसाठी करायला हवा. दर अधिवेशनात प्रत्येक तालुक्याचा आकडा मागावा: खिडकी किती दिवस उघडी होती, तिथे किती अर्ज आले, आणि दुकानातून बिघडून आलेले त्यात किती होते.